साहेबांचा प्रिंटर

त्या घरात माणसं दोन आणि प्रिंटर एक. प्रिंटरवर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर जुना टॉवेल, आणि टॉवेलला टाचणीने लावलेली चिठ्ठी : 'परवानगीशिवाय वापरू नये.' परवानगी देणारे साहेब, घेणाऱ्या स्टेनोबाई. तिसरं कुणी त्या खोलीत फिरकतही नव्हतं, पण शिस्त ती शिस्त.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. एका सरकारी भांडारात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातले शेवटचे आठ महिने त्यांना भांडारप्रमुख केलं, कारण त्यांच्या वरचा माणूस आजारी पडला आणि त्याच्या जागी यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. केबिन मिळाली, केबिनबाहेर एक शिपाई मिळाला. तो शिपाई त्यांना साहेब म्हणाला आणि त्या आठ महिन्यांच्या शिदोरीवर हा गृहस्थ निवृत्तीनंतरची सात वर्षं साहेब राहिला. ओळखीपाळखीचे लोकही तसंच म्हणायचे. एक शब्द म्हटल्याने माणूस गप्प बसत असेल तर कोण नाही म्हणणार?

स्टेनोबाईंचं नाव मात्र कमावलेलं होतं. कोर्टात तेहतीस वर्षं लघुलेखन. मिनिटाला एकशेचाळीस शब्द, आणि वकील एकमेकांच्या अंगावर ओरडत असले तरी कोण काय म्हणालं ते कागदावर वेगवेगळं. कोर्टातली मशीनंही त्याच सांभाळायच्या. टाइपरायटरची फीत अडकली, पहिला प्रिंटर आला आणि कागद चावायला लागला, की बाईंना हाक जायची. बाई यायच्या, दोन मिनिटं नुसतं बघायच्या आणि मग एकाच ठिकाणी हात घालायच्या. घरी मात्र साहेबांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या मते बायको कोर्टात 'टायपिंगचं काहीतरी' करायची.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला बाईंना कॉम्प्युटरवर ईमेल दिसला. सहा तासांच्या अंतरावरच्या एका गावातल्या लघुलेखन प्रशिक्षण केंद्राने त्यांची निवासी शिक्षिका म्हणून निवड केली होती. अकरा महिन्यांचं काम. राहायला एक खोली, पुढे व्हरांडा. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं. सोबत एका पानाचं संमतीपत्र होतं. ते छापायचं, खाली दोन सह्या करायच्या, एक उमेदवाराची आणि एक घरातल्या माणसाची, आणि स्कॅन करून आज संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचं. पाचपर्यंत आलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

बाईंनी तो ईमेल तीनदा वाचला. आयुष्यात याआधी त्यांची निवड एकदाच झाली होती. ती साहेबांच्या आईने केली होती, आणि तेव्हा बाईंची संमती कुणाला लागली नव्हती.

त्यांना ती जागा हवी होती. फार हवी होती. अर्ज केला तेव्हा त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. "मी एका कामासाठी अर्ज केलाय, बाहेरगावी आहे." साहेब म्हणाले होते, "पंखा बंद कर, गार वाजतंय." मुलाखत फोनवर झाली तेव्हाही सांगितलं होतं. त्यावर तर पंखासुद्धा नव्हता. त्यामुळे आता खरी परीक्षा त्या दुसऱ्या सहीची होती. साहेब काय काय म्हणतील याची बाईंनी मनात नऊ वाक्यं काढून ठेवली होती आणि नवांना नऊ उत्तरं. या वयात? लोक काय म्हणतील? माझं कोण बघणार? सगळ्यांची उत्तरं तयार. भांडण होणार होतं आणि बाई ते जिंकणार होत्या.

पण आधी कागद हवा. बाईंनी पेनड्राइव्ह घेतला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात निघाल्या. दाराशीच साहेबांनी अडवलं.

"कागद छापायला बाहेर? अगं, घरात मशीन असताना? लोक म्हणतील साहेबांकडचा प्रिंटर बंद पडलाय."

"पाच मिनिटांचं काम आहे. येते लगेच."

"दोन मिनिटांत काढून देतो. काढ त्या चपला."

एरवी बाई गेल्याच असत्या. पण आज त्यांना या माणसाची सही हवी होती आणि सकाळीच त्याचं बिनसवून चालणार नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाईंनी चपला काढल्या.

साहेबांनी समारंभ सुरू केला. चिठ्ठी काढली, टाचणी डबीत ठेवली. टॉवेलची चौघडी, प्लास्टिकची चौघडी. मग खुर्चीत बसून, चष्मा लावून, बाईंचा पेनड्राइव्ह खोचून, कॉम्प्युटरवर छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म. त्याच्या कपाळावरचा छोटा निळा दिवा उघडमीट करत राहिला आणि कॉम्प्युटरने सांगितलं : प्रिंटर ऑफलाइन आहे.

साहेबांनी पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा. मग जरा जोरात, म्हणजे बटण दाबताना ओठ आवळून. बाई मागे उभ्या राहून मोजत होत्या. मोजायची त्यांना सवयच होती. नऊ वेळा झालं. भांडारातही हे असंच चालायचं म्हणे. माल नाही असं खालून कळवलं की साहेब तोच मागणीचा कागद पुन्हा खाली पाठवायचे.

घोडं कुठे पेंड खातंय ते बाईंना दिसत होतं. मागच्याच रविवारी साहेबांनी वायफायचा पासवर्ड बदलला होता. कारण असं, की वरच्या मजल्यावरची मुलं फार हसायला लागली होती. इतकं हसायला माणसाला इंटरनेट लागतं, आणि ते आपलंच असणार, असा साहेबांचा तर्क होता. मग डायरी हातात घेऊन त्यांनी घरभर फिरून नवा पासवर्ड घातला. आपल्या फोनला, बाईंच्या फोनला, टीव्हीला, कॉम्प्युटरला. वरची मुलं त्यानंतरही हसतच होती, पण साहेबांच्या मते ते हसणं आता वेगळं होतं.

"अहो," बाई म्हणाल्या, "प्रिंटरला नवा पासवर्ड दिला नाही आपण."

साहेब खुर्चीत मागे वळले आणि हसले. बाईंना ते हसू चाळीस वर्षं माहीत होतं. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर मोठी माणसं हसतात तसं.

"अगं, प्रिंटर काय सिनेमे बघतो? त्याला इंटरनेट कशाला? तो कागद छापतो, कागद. तू जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

"मग वायर लावू. सोबत आली होती ती."

वायर नव्हती. बिनतारी मशीनला तार कशाला, म्हणून साहेबांनी ती मागच्या वर्षीच बाल्कनीतल्या गळक्या नळाला गुंडाळली होती. नळ अजून गळतच होता.

पुढचा तास साहेबांनी उपचार केले. आधी मुख्य बटण बंद करून घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. मग झाकण उघडून आत फुंकर मारली. मग शाईच्या डब्या काढून स्पिरिटने पुसल्या, त्यात दोन बोटं आणि सदऱ्याची बाही निळी झाली. मग प्रिंटर टेबलावरून उचलून स्टुलावर ठेवला, कारण टेबल म्हणे हलत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे साहेबांनी टेबलापासून सुरू करून वीज कंपनी, प्रिंटरची कंपनी आणि अलीकडच्या कागदाचा दर्जा इथपर्यंत नेलं. शेवटी त्यांनी प्रिंटरच्या पाठीवर चापट मारली. शिपायाच्या पाठीवर मारायचे तशीच, असं ते म्हणाले. बाईंना त्या शिपायाची दया आली.

सव्वाबाराला साहेबांचे धाकटे भाऊ आले. त्यांना साहेबांनीच फोन करून बोलावलं होतं. भावोजींनी आयुष्यात नऊ धंदे केले होते आणि एकही त्यांना सोसला नव्हता. त्यातला एक मोबाइलच्या कव्हरांचा होता. त्यामुळे घराण्यात ते इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार गणले जात.

"वहिनी, चहा टाका, तोवर होतंय हे," भावोजी म्हणाले.

"भावोजी, मला आज पाचच्या आत पाठवायचंय ते. फार महत्त्वाचं आहे."

"अहो, पाच कुठे आणि साडेबारा कुठे."

त्यांनीही पाच वेळा छपाईची आज्ञा दिली. दादांनी दिली तेव्हा मशीनला कळली नसेल, असं म्हणून. मग फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस वेगळ्याच प्रिंटरचं वेगळंच झाकण उघडत होता आणि जे बोलत होता त्यातलं दोन्ही भावांना अक्षर कळत नव्हतं. तरी दोघं माना डोलवत होते. व्हिडिओ संपल्यावर भावोजींनी निदान केलं. कॉम्प्युटर जुना झालाय, त्याला अपडेट द्यायला हवं. बाई "नको, नको" म्हणत पुढे येईपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं.

पडद्यावर अक्षरं आली : अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. तीन टक्के.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर दोन शहाणे होते आणि बैल आता उठूच शकत नव्हता. पेनड्राइव्ह घेऊन जावं तर तो कॉम्प्युटरला खोचलेला, आणि तो काढायला हात पुढे केला तर साहेब ओरडले, "हात लावू नकोस, सगळं उडेल!" काही उडत नाही हे बाईंना माहीत होतं. तरी त्यांनी हात मागे घेतला, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग आला. साहेबांचा येतच होता, त्यात हा नवा.

एक वाजता मुलाचा फोन आला. मुलगा दूरच्या शहरात एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि त्याचं नाव निघालं की साहेबांची मान ताठ व्हायची.

"आई, काय चाललंय? बाबा म्हणाले काहीतरी छापायचंय तुला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. हा विचारेल. "हो रे. अरे, मला एक पत्र आलंय आज, आणि..."

"पीडीएफ आहे की वर्ड?"

"पीडीएफ. पण ऐक ना, ते पत्र..."

"किती पानं? एकच ना? मग काही नाही. फोन बाबांकडे दे."

बाईंनी फोन बाबांकडे दिला. अपडेट संपलं की मी इथून कॉम्प्युटर चालवतो, असं त्याने बाबांना सांगितलं. बैठकीच्या खोलीत तिघं पुरुष, दोन प्रत्यक्ष आणि एक फोनमधला, अर्धा तास बोलले. त्यात कंपन्यांनी माणसाला कसं लुबाडायला घेतलंय ते आलं, मुलाच्या साहेबाचा मूर्खपणा आला, भावोजींचा पुढचा, म्हणजे दहावा धंदा आला. पत्र काही आलं नाही.

मग पुरुष जेवले. चांगले पोटभर जेवले. कष्टाचं काम चाललं होतं ना. दोन वाजता कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं. ते आता एकदम पाचला उघडायचं, हे बाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "बघ, म्हणूनच घरात मशीन असावं."

पावणेतीनला अपडेट संपलं. मुलाने तिकडून कॉम्प्युटरचा बाण इकडे तिकडे पळवला, दोनदा छपाईची आज्ञा दिली आणि "बाबा, हार्डवेअर गेलंय, नवा घ्या" असं सांगून तो एका मीटिंगला गेला. खोदला डोंगर, आणि उंदीरसुद्धा निघाला नाही.

साडेतीनला साहेबांनी प्रिंटर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तो केवळ तक्रार करायला. फोनमधून संगीत वाजायला लागलं. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी सांगत होतं. सात मिनिटांत साहेबांचा धीर संपला. त्यांनी फोन बाईंच्या हातात ठेवला. "लागला की हाक मार. मी बोलेन. तू काही बोलू नकोस, ते लोक फार हुशार असतात." आणि दोघं भाऊ बाहेरच्या खोलीत आडवे झाले.

दोन मिनिटांत फोन लागला. पलीकडे एक मुलगी होती. आवाजावरून दिवसभर बोलून दमलेली.

"बोला मॅडम, काय अडचण आहे?"

बाईंनी हाक मारली नाही. खोलीचं दार हलकेच लोटलं आणि सगळं सांगितलं, चार वाक्यांत, तारखेसकट. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचं पाल्हाळ उतरवलेल्या बाईला थोडक्यात बोलता येत होतं.

"मग प्रिंटर अजून जुनाच पासवर्ड धरून बसलाय, मॅडम. तुम्हाला कळलंच आहे की. त्याच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कमध्ये जा आणि नवा घाला. बाकी काही झालेलं नाही."

"मला सकाळीच वाटलं होतं."

"मग घातला का नाही?"

एवढा साधा प्रश्न होता, आणि साठीला आलेल्या, न्यायाधीशांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईकडे त्याला धड उत्तर नव्हतं. मुलीला ते कळलं असावं. तिने पुढे विचारलं, "काही महत्त्वाचं छापायचंय का, मॅडम?"

"हो," बाई म्हणाल्या. "मला नोकरी लागलीय. लघुलेखन शिकवायची. त्याचं संमतीपत्र आहे."

"अय्या! अभिनंदन, मॅडम! कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग लवकर करा. मी लाइनवर थांबते."

सकाळी अकरापासून या घरात तीन शहाण्यांनी डोकं चालवलं होतं. त्यातला एक नवरा, एक दीर, एक पोटचा मुलगा. आणि काय छापायचंय हे विचारलं कुणी, तर चेहरा न पाहिलेल्या पोरीने. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि प्रिंटरसमोर बसल्या.

पासवर्ड म्हणजे साहेबांचं निवृत्तीच्या वेळचं पद होतं, इंग्रजी स्पेलिंगने, आणि पुढे निवृत्तीचं साल. छोट्या पडद्यावर बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर शोधायचं आणि निवडायचं. मिनिटाला एकशेचाळीस शब्दांचा हात, आणि 'भांडारप्रमुख' उमटायला पाच मिनिटं लागली. मध्ये एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. बाई दात आवळून बटण दाबत होत्या. सगळं आयुष्य यांचं पद लिहिण्यात जायचं का, असं त्या पुटपुटल्या. फोनमधली मुलगी हसली.

निळा दिवा स्थिर झाला. प्रिंटर आत कुठेतरी खाकरला, कागद ओढला आणि छापायला लागला. बाईंनी मुलीचे आभार मानून फोन ठेवला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

एक कागद आला. मग दुसरा. मग तिसरा. दिवसभर दिलेल्या सगळ्या आज्ञा कॉम्प्युटरने निमूट साठवून ठेवल्या होत्या आणि आता प्रिंटर एकेक फेडत होता. साहेबांच्या नऊ, भावोजींच्या पाच, मुलाच्या दोन. कागद ट्रेमधून जमिनीवर घसरायला लागले. तो आवाज ऐकून बाहेरचे दोघं धावत आले. भावोजींच्या पायात साहेबांच्या चपला होत्या.

"चालू झाला!" साहेब ओरडले. "बघितलंस? स्पिरिट आत मुरायला वेळ लागतो!"

"स्पिरिट कसलं, दादा? अपडेट! अपडेटचा परिणाम तीन तासांनी दिसतो."

"मी पाठीवर मारलेली चापट..."

"अहो, मी पासवर्ड..." बाई म्हणाल्या.

"हो हो, पासवर्ड वगैरे सगळं त्या अपडेटमध्येच येतं, वहिनी."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? साहेबांनी लगेच मुलाला फोन लावला, व्हिडिओचा, आणि एक संमतीपत्र त्याच्यासमोर धरलं. "बघ काय ठळक आलंय! म्हणे हार्डवेअर गेलंय!" मुलाने तिकडून अंगठा दाखवला. भावोजींनी दुसरं संमतीपत्र उजेडात धरून समास तपासला आणि कागद एक नंबर आहे असं सांगून त्यानेच वारा घ्यायला लागले. त्या कागदावर वरती, मोठ्या अक्षरांत, त्यांच्या वहिनीचं पूर्ण नाव होतं. खाली केंद्राचं नाव, गावाचं नाव, 'अकरा महिने', 'निवासी'. सोळा कागद घरभर झाले होते, आणि चार डोळे होते, फोनमधले धरून सहा.

बाईंनी एक चांगला कागद उचलला, टेबलावर ठेवून आपली सही केली. मग त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. नऊ वाक्यं, नऊ उत्तरं.

"अहो, इथे तुमची सही लागेल."

सही म्हटलं की साहेबांचा चेहरा उजळायचा. निवृत्तीनंतर कुणी मागतच नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, फोन डाव्या हातात घेतला. मुलगा अजून बोलत होता.

"आधी वाचा."

"चष्मा आत आहे. तुझं काय असणार वाचण्यासारखं? कुठे करायची, तेवढं दाखव."

"नाही. वाचल्याशिवाय सही घेणार नाही मी."

कोर्टाचा तो नियम बाईंच्या हाडात मुरला होता. साक्षीदाराने जबानी दिली की ती टाइप करायची, त्याला वाचून दाखवायची, त्याने बरोबर आहे म्हटलं की मगच सही. तेहतीस वर्षांत त्यांनी एकाही अडाण्याची, चोराचीसुद्धा, न वाचून दाखवता सही घेतली नव्हती. नवऱ्याची कशी घेणार?

"मग तू वाच," साहेब म्हणाले, आणि फोनकडे वळले. "हां, बोल रे."

बाईंनी वाचलं. कोर्टातल्या आवाजात, स्पष्ट, एकेक शब्द तोडून. "मी खाली सही करणार, उमेदवाराचा पती. माझी पत्नी सोमवारपासून अकरा महिने प्रशिक्षण केंद्राच्या निवासस्थानात एकटी राहणार आहे..."

"बरोबर, बरोबर," साहेब म्हणाले. ते बाईंना म्हणाले की मुलाला, कळायला मार्ग नव्हता.

"...याची मला पूर्ण कल्पना आहे. या काळात घराची व स्वतःची व्यवस्था मी स्वतः पाहीन."

"अगदी बरोबर! अरे, तुझा काका म्हणतोय अपडेट, पण खरं तर मी मशीनला सकाळपासून..."

"...माझी यास हरकत नाही."

"अजिबात नाही," साहेब म्हणाले आणि सही केली. पूर्ण सही, वळणदार, खाली दोन टिंबं आणि एक रेघ. शेजारी कंसात पद लिहिलं, त्यापुढे 'निवृत्त'. पेनाला टोपण लावलं आणि फोन घेऊन खिडकीकडे गेले.

बाई कागद घेऊन उभ्याच राहिल्या. कुणाला वाटेल, सुटल्या. काम फत्ते, भांडण नाही, तंटा नाही. बाईंना तसं वाटलं नाही. त्यांना संताप आला, पायाच्या नखापासून. त्यांना या माणसाने अडवायला हवं होतं. आकांडतांडव करायला हवं होतं, जाऊ नकोस म्हणायला हवं होतं, निदान 'कुठे?' एवढं तरी. नऊच्या नऊ उत्तरं तोंडात तशीच राहिली. भांडायच्या लायकीचंसुद्धा या माणसाने आपल्याला धरलं नाही, हे त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. आणि मग संतापाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, थंड, स्वस्थ. या माणसाविषयी आपल्या मनात आता रागही पुरेसा उरलेला नाही, एवढंच त्यांना कळलं.

त्यांनी पेन घेतलं आणि साहेबांच्या सहीखाली, बारीक नेटक्या अक्षरात, प्रत्येक जबानीखाली टाइप करायच्या ते वाक्य लिहिलं : 'वाचून दाखवले. बरोबर असल्याचे सांगून सही केली.' मग प्रिंटरचं झाकण उघडून कागद काचेवर पालथा घातला, स्कॅन केला, पाठवला. चार वाजून एकतीस मिनिटं. दहा मिनिटांत उत्तर आलं. मिळाले. सोमवारी भेटू.

साहेब बाहेर भावोजींना सांगत होते, की असल्या कामात डोकं शांत ठेवावं लागतं, बायकांना ते जमत नाही. बाई दारात आल्या.

"मला सोमवारी बाहेरगावी जायचंय," त्या म्हणाल्या. "माळ्यावरची मोठी बॅग काढून द्या."

आज साहेबांना कुठलंच काम जड नव्हतं. त्यांनी स्टूल आणलं. भावोजींनी ते धरलं. साहेब वर चढले, माळ्यातून ती मोठी बॅग ओढून काढली आणि शिंकले.

"धूळ बघ किती बसलीय! घराकडे लक्ष म्हणून नाही तुझं. ए, तो कागद दे रे पुसायला."

भावोजींनी हातातलं संमतीपत्र वर दिलं. साहेबांनी त्याने बॅग पुसली, नीट, चारही बाजूंनी, हँडलसुद्धा, आणि कागदाचा बोळा करून खाली टाकला. मग बॅग छातीशी धरून ते जपून खाली उतरले.

"कुठे ठेवू?"

"दाराजवळ," बाई म्हणाल्या.

साहेबांनी बॅग दाराजवळ नेऊन ठेवली आणि हात झटकले.